वाटाड्यांचा मुलूख

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाचा जो विस्तीर्ण मुलूख आहे, त्यातील डॉसन या एके काळच्या सोन्याच्या गावापासून पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर हमरस्त्याला डावीकडे एक फाटा फुटतो. स्प्रूसच्या झाडीत शिरणारा तो खडीचा रस्ता आपल्याकडील एखाद्या जुन्या लोकल बोर्डाच्या रस्त्यासारखा इतका साधा आणि इतका धुरळलेला दिसतो की, तो पुढे आर्क्टिक वृत्त ओलांडून, पर्वतरांगा आणि पील व मॅकेन्झी या दोन नद्या मागे टाकून सुमारे ७४० किलोमीटरांवरील इनुविक गाठतो, आणि तेथून वाढविलेल्या नव्या रस्त्याने थेट आर्क्टिक महासागराच्या काठी जाऊन थांबतो, यावर प्रथमदर्शनी कोणाचाही विश्वास बसू नये. या रस्त्याचे नाव डेम्पस्टर महामार्ग. महामार्ग हा शब्द सरकारी दप्तरातला आहे. प्रत्यक्षात त्याच्या बहुतांश लांबीवर डांबराचा थेंबही नाही, आणि पहिल्या सुमारे पावणेचारशे किलोमीटरांत पेट्रोलचा पंप, दुकान किंवा वस्ती यांपैकी काहीही लागत नाही.

आम्ही चौघे पुण्याच्या एकाच शाळेच्या एकाच वर्गातले. त्यांतील डॉक्टर तरुणपणीच एडमंटनला जाऊन तेथलेच झालेले. अभियंते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त होऊनही कोणताही पूल पाहिला की त्याच्याखाली उतरून पाहिल्यावाचून न राहणारे. मास्तरांनी संस्कृत शिकविण्यात हयात घालविलेली. आणि चौथा मी, ज्याच्याकडे रोजनिशी लिहिणे आणि भांडी घासणे एवढीच कामे सर्वानुमते सोपविण्यात आली होती. उत्तरेची हौस मूळची डॉक्टरांची. भाड्याची गाडी घेताना तिच्या करारनाम्यात हा रस्ता चालेल असे स्पष्ट लिहून घेणे, एकाऐवजी दोन जादा चाके बरोबर बांधणे, पेट्रोलचे डबे, तंबू, अस्वलाला पिटाळण्याचा तिखटाचा फवारा या सगळ्याचा बंदोबस्त त्यांनीच केला. शिध्याची तजवीज मात्र मास्तरांनी आपल्या हाती ठेवली, आणि पुण्याहून आणलेल्या मेतकुटाच्या व भाजणीच्या पिशव्यांनी गाडीची मागची बाजू अशी भरून टाकली की आम्ही ध्रुवाच्या स्वारीवर निघालो आहोत की पंढरीच्या वारीला, असा प्रश्न डॉसनच्या पेट्रोलपंपावर अभियंत्यांना पडला.

या रस्त्याची जन्मकथा राजकारणाची आणि तेलाची आहे. १९५८ साली कॅनडाचे पंतप्रधान डीफेनबेकर यांनी उत्तरेकडील खनिजसंपत्तीपर्यंत रस्ते नेण्याचा मोठा संकल्प जाहीर केला, आणि पुढच्याच वर्षी डॉसनच्या बाजूने कामाला हात घालण्यात आला. परंतु अपेक्षेइतके तेल हाती न लागल्याने आणि खजिन्यातला उत्साह ओसरल्याने, पहिले शंभर-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर काम जे थांबले, ते शेजारच्या अलास्कात १९६८ साली तेलाचा प्रचंड साठा सापडेपर्यंत थांबूनच राहिले. अखेर १८ ऑगस्ट १९७९ रोजी रस्ता खुला झाला. वीस वर्षांत हा एक रस्ता! हे ऐकून अभियंत्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता पसरली. आपल्या खात्याविषयी लोक जे बोलत आले, त्याचा परस्पर निकाल लागला असे त्यांना वाटले असावे.

विलंबाचे खरे कारण अर्थात केवळ दप्तरदिरंगाई नव्हे. येथली जमीन वर हातभर वितळते आणि तिच्याखाली हजारो वर्षे गोठलेलीच असते. त्या गोठलेल्या थरावरचे शेवाळाचे पांघरूण कोणी खरवडून काढले, तर उन्हाळ्याची ऊब आत शिरते, बर्फाचा चिखल होतो, आणि त्या चिखलात रस्ता, यंत्रे, घरे सगळीच हळूहळू रुततात. म्हणून जगात इतरत्र रस्ता करताना जमीन खोदतात, तर येथे तिला हातही न लावता वरून सव्वा मीटरपासून जवळजवळ अडीच मीटरांपर्यंत खडीचा बांध घालावा लागला. तो बांध वाहनांचे ओझे तर पेलतोच. परंतु खालच्या बर्फाला उन्हापासून थंड राखणे हे त्याचे त्याहून मोठे काम आहे. अभियंते रस्त्याच्या कडेला उतरून त्या बांधाची उंची छत्रीच्या दांड्याने मोजीत, आणि पुन्हा गाडीत बसताना दर वेळी एकच वाक्य म्हणत, "अरे, हा रस्ता जमिनीवर नाही, जमिनीच्या मर्जीवर उभा आहे."

पहिला मुक्काम टूमस्टोन पर्वतांच्या पायथ्याशी पडला. ऑगस्टचा उत्तरार्ध होता. आपल्याकडे ज्या दिवसांत पाऊस नुसता हिरवा रंग जाणतो, त्या दिवसांत येथे शरद ऋतू सुरू होऊन जवळपास संपतही येतो. गुडघ्याएवढे खुजे बर्च लालभडक, विलो पिवळे, त्यांच्यामधून कॅरिबूचे खाद्य असलेले पांढुरके दगडफूल, आणि या सर्वांच्या वर, रंगांशी काही देणेघेणे नसल्याप्रमाणे उभे असलेले ते काळेकभिन्न, टोकदार सुळके. सुमारे २,२०० चौरस किलोमीटरांचे हे राखीव उद्यान त्रॉन्डेक ह्वेचिन या येथल्या मूळ रहिवाशांनी सरकारशी १९९८ साली केलेल्या अंतिम करारातून निर्माण झाले आहे. तळावर कारकून नाही, पावती फाडणारा नाही. एका खोक्यातून लखोटा घ्यावा, त्यावर गाडीचा क्रमांक लिहावा, आत पैसे घालावेत आणि लोखंडी पेटीत टाकावा. सरपण फुकट. मास्तर त्या पेटीकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि मग त्यांनी लखोट्यात पैसे दोनदा मोजून टाकले.

अस्वलांचे नियम मात्र कडक. जेथे झोपावयाचे तेथे शिजवावयाचे नाही; अन्न, साबण, दंतमंजन यांपैकी कशाचाही वास तंबूत राहता कामा नये; सगळे काही पोलादी कपाटात बंद करून मगच निजावे. प्रश्न उपस्थित झाला तो हिंगाचा. फोडणीचा तो वास सदऱ्याच्या बाहीत मुरल्यावर धुण्यानेही जात नाही, हे आम्हां सर्वांना घरच्या अनुभवाने ठाऊक होते. तळावरच्या माहितीकेंद्रातील तरुण मुलीला डॉक्टरांनी मोठ्या गांभीर्याने विचारले की, ग्रिझ्ली अस्वलाला हिंग आवडते किंवा कसे. तिने डबी उघडून हुंगली, डोळे मिचकावले, आणि शांतपणे सांगितले की, हा वास आजवर येथल्या कोणत्याही अस्वलाने घेतलेला नसल्यामुळे ते कुतूहलाने येण्याचाच संभव अधिक. त्या रात्री आम्ही फोडणीवाचून मेतकूटभात जेवलो.

त्याच केंद्रात मला जो हेन्री या नावाचा प्रथम परिचय झाला. १९५० नंतरच्या दशकात तेलाच्या शोधासाठी उत्तरेकडे निघालेल्या यंत्रांच्या काफिल्याला या डोंगरांतून वाट दाखविली ती या त्रॉन्डेक ह्वेचिन शिकाऱ्याने, आणि पुढे रस्ताही बऱ्याच अंशी त्याच वाटेने गेला. नकाशे, विमाने, दुर्बिणी सारे काही हाताशी असताना मोठमोठ्या कंपन्यांना अखेर एका शिकाऱ्याच्या मागे चालावे लागले. कारण कोणत्या ओढ्याकाठी हिवाळ्यात पाणी बर्फावर चढून येते, कोणत्या खिंडीत वारा बर्फ साठू देत नाही, हे त्याच्या पायांना ठाऊक होते. पाटीवर ही गोष्ट दोन-चार ओळींत आटोपलेली होती. मला ती पुढच्या सगळ्या रस्त्याची किल्ली वाटली, आणि ज्या प्रदेशाला आम्ही घरून निघताना निर्मनुष्य म्हणत आलो होतो, त्याच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या पाटीपाशी थोडी बदलली हे मी नाकारत नाही.

पुढचा प्रदेश ओगिल्वी पर्वतांचा. हिमयुगात जेव्हा जवळजवळ सगळा कॅनडा बर्फाच्या जाड थराखाली गाडला गेला होता, तेव्हा युकॉनचा हा बराचसा भाग पुरेशा हिमवर्षावाच्या अभावी कोरडा आणि उघडा राहिला. आशिया व अमेरिका यांना त्या काळी जोडणाऱ्या भूप्रदेशाचा हा पूर्वेकडील शेवट, आणि मॅमथ येथे चरत असत. हिमनद्यांनी न घासलेले ते डोंगर गोलाकार, भुरे, माथ्यावर फुटक्या खडकांचे खच घेऊन उभे आहेत. एके ठिकाणी ओढ्याचे पाणी आणि काठचे दगड लोहाच्या गंजाने तांबडे झालेले, हवेत गंधकाचा उग्र वास. मास्तरांनी तेवढ्यात वैतरणीचे स्मरण करून घेतले. त्यानंतर रस्ता एका लांबलचक धारेवर चढतो, आणि तेथून दोहों बाजूंना दिसते ते केवळ खुज्या, काळ्या, वाकड्यातिकड्या स्प्रूसचे अरण्य. खालची जमीन हलते तशी ही झाडे कलतात, म्हणून हे सगळे रान झिंगल्यासारखे दिसते.

या पट्ट्यातली खडी पातळ थरांच्या धारदार दगडाची असते, आणि पाऊस पडून गेला की त्या दगडाच्या कडा वर येतात. आमचे मागचे चाक तेथेच फाटले. हा प्रकार या रस्त्यावर इतका नित्याचा की त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. नोंदण्यासारखे आहे ते पुढचे. आम्ही जॅक शोधीत असताना समोरून येणारा एक ट्रक न सांगता थांबला, त्यातून पुढच्या फोर्ट मॅकफर्सन गावचा, ग्विचिन या तेथल्या मूळ रहिवाशांपैकी एक मध्यमवयीन गृहस्थ उतरला, त्याने जॅकखाली घालण्यास एक फळी दिली, चाक बसेपर्यंत तेथेच उभा राहिला, आणि निघताना म्हणाला, "येथे थांबलेल्या गाडीजवळून न विचारता कोणी पुढे जात नाही. हिवाळ्यात गेला, तर मागे माणूस मरतो."

ईगल प्लेन्स हे ३६९व्या किलोमीटरवर धारेच्या माथ्यावर बसलेले एक हॉटेल, गाव नव्हे. तेथे पेट्रोल, गरम पाणी आणि पंक्चर काढणारा माणूस या तीन गोष्टी मिळतात, आणि त्या मिळाल्यावर चौथीची आठवण राहत नाही. भोजनगृहाच्या भिंतींवर जुनी छायाचित्रे टांगलेली आहेत, आणि त्यांतच ती हकीकत आहे, जिच्यामुळे या रस्त्याला त्याचे नाव मिळाले.

रस्ता होण्यापूर्वी कैक वर्षे, घोडेस्वार पोलिसांची एक तुकडी दर हिवाळ्यात डॉसनहून फोर्ट मॅकफर्सनपर्यंत कुत्र्यांच्या गाड्यांवरून टपाल व सरकारी कागद नेत असे. अंतर साडेसातशे किलोमीटरांच्या पुढे, वाट गोठलेल्या नद्यांच्या पात्रांतून आणि खिंडींतून. १९१० सालच्या डिसेंबरात त्या नेमाच्या उलट, फोर्ट मॅकफर्सनकडून डॉसनकडे, इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेरल्ड आपले दोन शिपाई आणि वाटाड्या म्हणून घेतलेला एक माजी शिपाई यांच्यासह निघाला. फिट्झजेरल्ड नवखा नव्हता. उत्तरेतील नावाजलेला अंमलदार होता, आणि पुढल्या वर्षी लंडनला पंचम जॉर्जच्या राज्यारोहणसमारंभासाठी जाणाऱ्या पथकात त्याची नेमणूकही झालेली होती. वेगाने जाण्याच्या उद्देशाने त्याने शिधा कमी घेतला. ज्या माजी शिपायाच्या भरवशावर तो निघाला होता, तो या वाटेने पूर्वी एकदाच, तेही उलट दिशेने, आलेला होता. वाटेत त्यांना इसाउ जॉर्ज नावाचा ग्विचिन भेटला, त्याने काही दिवस त्यांना वाट दाखविली, आणि १ जानेवारी १९११ रोजी त्याला मजुरी चुकती करून निरोप देण्यात आला.

या एका निरोपापाशी मी फार वेळ थांबलो. पुढचे सगळे त्यातूनच निघते: ज्या ओढ्याने वर चढून खिंड गाठावयाची, तो ओढा सापडेना, एकसारखी दिसणारी गोठलेली पात्रे एकामागून एक धुंडाळण्यात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, मौल्यवान दिवस गेले, जानेवारीच्या उत्तरार्धात त्यांनी तोंड मागे वळविले, आणि परतीच्या वाटेवर शिधा संपल्यावर कुत्री मारून खाल्ली. फेब्रुवारीत चौघेही मेले. डॉसनहून कॉर्पोरल जॅक डेम्पस्टर शोधासाठी निघाला तो फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि त्याच्या तुकडीत चार्ली स्ट्युअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. मार्चमध्ये त्यांना प्रथम दोघे शिपाई सापडले, मग आणखी पुढे फिट्झजेरल्ड व त्याचा सोबती. ज्या ठाण्यावरून ते निघाले, ते ठाणे तेथून चाळीस किलोमीटरांवर होते. फिट्झजेरल्डजवळ जळक्या काडीने लिहिलेले मृत्युपत्र निघाले. जे काही होते ते त्याने आईच्या नावे केले होते.

डेम्पस्टर हा कर्तबगार माणूस होता यात शंका नाही, आणि रस्त्याला त्याचे नाव देण्यात कोणाचा अपराध झाला असेही मी म्हणत नाही. तथापि प्रवास करता करता माझ्या मनात येत राहिले की, या एका वाटेवर इसाउ जॉर्ज, चार्ली स्ट्युअर्ट आणि जो हेन्री असे तीन वाटाडे होऊन गेले. त्यांतील ज्याला निरोप दिला त्याच्या मागे चौघे मेले, ज्याला बरोबर घेतले त्याच्या मागून शोध लागला, ज्याच्या मागे यंत्रे चालली त्याच्या मागून रस्ता झाला, आणि रस्त्याच्या पाटीवर मात्र तिघांपैकी कोणीही नाही. डॉक्टरांचे म्हणणे पडले की सर्व देशांत पाट्या अशाच असतात. सह्याद्रीतल्या आमच्या घाटांचा विचार करता मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. बोरघाटाच्या रेल्वेचे श्रेय कोणाच्या नावे जमा आहे आणि घाटाची वाट प्रथम कोणाच्या गुराढोरांनी मळविली, हा हिशेब आपणही कधी मांडलेला नाही.

आर्क्टिक वृत्त ४०५व्या किलोमीटरवर. तेथे पाटी आहे, वारा आहे आणि छायाचित्रे घेणारी माणसे आहेत. एरवी अलीकडे आणि पलीकडे काही फरक नाही. पण पुण्याहून आलेल्या माणसाला त्या रेषेवर उभे राहून लोकमान्यांची आठवण न होणे अशक्य. वेदांतील उषःसूक्तांतल्या दीर्घ, अनेक दिवस रेंगाळणाऱ्या पहाटांवरून आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाच्या आसमंतात असले पाहिजे, असा सिद्धांत टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. ज्यांनी ध्रुवप्रदेश कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांनी केवळ ऋचा आणि ज्योतिषाचे गणित यांच्या बळावर तेथल्या पहाटेचे शास्त्र उभारावे, या बुद्धिसाहसापुढे मास्तरांचे हात तेथल्या तेथे जोडले गेले. आजचे विद्वान तो सिद्धांत स्वीकारीत नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना ऐकविलेच, आणि पुढले साठ किलोमीटर गाडीत दुसरा विषय निघाला नाही.

रिचर्डसन पर्वतांच्या खिंडीत युकॉनची हद्द संपून वायव्य प्रांताची सुरू होते, आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करावे लागते. ज्यांच्यासाठी हा टापू प्राणिशास्त्रज्ञांत विख्यात आहे, ते पॉर्क्युपाइन नावाच्या कळपाचे कॅरिबू २०१७ सालच्या मोजणीत सुमारे दोन लाखांच्या घरात भरले, आणि वसंतात अलास्काच्या किनाऱ्याकडे विण्यासाठी व हिवाळ्यात परत या डोंगरांकडे असे त्यांचे येणेजाणे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहे. आम्हांला त्यांच्यापैकी तिघांचे दूरवरून दर्शन झाले. मास्तरांच्या मते दोघांचेच; तिसरा दगड होता.

पील नदीवर तारेला धरून चालणारी तर आहे, तिला शुल्क नाही. नदीचे पाणी रोज चढते-उतरते, तेव्हा उताराची खडी यंत्राने पुन्हापुन्हा सारून धक्का नव्याने करावा लागतो; अभियंते ते काम पाहण्यात इतके रमले की तर निघताना त्यांना हाका माराव्या लागल्या. हिवाळ्यात नदी गोठली म्हणजे गाड्या बर्फावरूनच जातात, आणि मधल्या दिवसांत, म्हणजे बर्फ धरताना व फुटताना, तर नाही आणि बर्फही नाही, तेव्हा पलीकडची गावे रस्त्यावाचून राहतात.

फोर्ट मॅकफर्सनच्या चर्चच्या आवारात त्या चौघांची समाधी आहे. आम्ही गेलो तेव्हा जवळच एक वृद्ध ग्विचिन बाई आपल्या माणसांच्या थडग्यांवरचे गवत काढीत होत्या. बोलता बोलता त्यांनी बादलीतल्या निळ्या बोरांनी आमची ओंजळ भरली. कोठून आलात, असे विचारल्यावर डॉक्टरांनी भारत सांगितले. बाईंनी मान हलवली आणि त्या चार नावांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे लोक चांगले होते. पण घाईत होते. आमच्या आजोबांच्या पिढीत सगळ्यांना ठाऊक होते की ते घाईत होते." त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर मुळीच नव्हता. १९९२ साली ग्विचिन लोकांचाही सरकारशी भूमीविषयक तहनामा झाला आहे. त्यांच्या पिढीने वहिवाट कागदावर आणली, परंतु वाटा मात्र अजून माणसांच्याच मुखी आहेत असे त्या म्हणाल्या, आणि नातवंडांना शिबिरावर नेऊन त्या कशा दाखवितो याचे त्यांनी केलेले वर्णन ऐकण्यात आमची दुपार गेली.

मॅकेन्झी ओलांडून आम्ही इनुविकला पोहोचलो. पुराने वारंवार बुडणाऱ्या अक्लाविक गावाला पर्याय म्हणून १९५०च्या दशकात सरकारने हे गाव आखून वसविले. अक्लाविकच्या बऱ्याच लोकांनी हलण्यास साफ नकार दिला, आणि ते गाव आजही जागच्या जागी आहे. इनुविकमध्ये घरे खांबांवर उभी, आणि पाण्याचे व मैल्याचे नळ जमिनीत पुरता येत नसल्यामुळे ते उबदार पेट्यांत घालून घरोघर जमिनीच्या वरूनच नेलेले. बर्फाच्या घुमटाच्या आकाराचे एक चर्च आहे, आणि २०१०मध्ये विनिपेगहून ट्रकवर व मग पडावावर घालून आणलेली एक चिमुकली मशीदही आहे. स्नान, कपडे धुणे आणि पेट्रोल, एवढ्याचसाठी आम्ही तेथे राहिलो.

इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा १३८ किलोमीटरांचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून जावे लागे. सुमारे तीस कोटी डॉलर खर्चून बांधलेल्या या रस्त्याचे काम मुख्यतः हिवाळ्यांतच झाले, कारण गोठलेल्या जमिनीवर कापड अंथरून त्यावर गोठलेलीच माती टाकली, तरच खालचा बर्फ शाबूत राहतो. येथे झाडे संपतात. मग तळी, तळी आणि तळी; त्यांच्यामधून वळणे घेत जाणारा बांध; आणि अखेरीस क्षितिजावर सपाट भूमीतून वर आलेले गोल डोंगर. ते डोंगर म्हणजे पिंगो. एखाद्या तळ्यातले पाणी निघून गेले म्हणजे त्याच्या तळाखालची न गोठलेली माती चारही बाजूंनी गोठत येते, आतल्या पाण्याला वाट उरत नाही, आणि ते गोठता गोठता वरची जमीन उचलून धरते. इब्युक नावाचा येथला पिंगो ४९ मीटर उंच आहे. इनुव्हिआलुइट हे या किनाऱ्याचे मूळ रहिवासी पूर्वीपासून हे डोंगर समुद्रातून घर ओळखण्याची खूण म्हणून आणि व्हेल हेरण्याची माची म्हणून वापरीत आले. १९८४च्या तहनाम्याने सुमारे ९१,००० चौरस किलोमीटर भूमीची मालकी त्यांना मिळाली.

टुक्टोयाक्टुकच्या टोकावर, जेथे रस्ता संपतो, तेथे समुद्र हा किनाऱ्याचा घास घेत आत येत आहे. गोठलेली जमीन वितळते, तिचा कडा लाटांत ढासळतो, आणि समुद्रावरचे बर्फ पूर्वीसारखे लवकर न धरल्यामुळे शरदातली वादळे उघड्या पाण्यावरून येतात. काठावरची काही घरे उचलून आत नेण्यात आली आहेत. ज्या रस्त्याने किराणा आला, त्याच रस्त्याने आमच्यासारखे लोक महासागरात पाय बुडविण्यासाठी येतात. अभियंत्यांनी पाय बुडविले. मास्तरांनी आचमन केले आणि खारट चेहरा करून परत आले.

पाण्याच्या अगदी काठी, छायाचित्रास उत्तम अशी जागा पाहून आम्ही तंबू ठोकला होता, आणि रात्री अकराच्या पुढे मास्तर वायव्येकडे बोट दाखवून आपला मुद्दा मांडीत होते. सूर्य मावळल्यावर जो तांबूस पट्टा राहिला होता, तो विझत नव्हता. क्षितिजाला धरून डावीकडून उजवीकडे, उत्तरेवरून ईशान्येकडे, इतक्या मंद गतीने सरकत होता की संध्याकाळ कोठे संपली आणि पहाट कोठे लागली हे सांगता येऊ नये. "हे पाहा," मास्तर म्हणाले, "पुस्तकात बसून हे लिहिले आहे त्यांनी." डॉक्टर म्हणाले की हे खगोलशास्त्र आहे, त्यात आर्य कोठे आले. वाद रंगात आलेला असताना गावाकडून चारचाकी फटफटीवर एक वृद्ध इनुव्हिआलुइट गृहस्थ आले. त्यांनी आमचा तंबू पाहिला, समुद्राकडे पाहिले, आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत.

"वारा फिरणार आहे," ते अखेर म्हणाले, "पहाटेपर्यंत वायव्येकडून येईल. पाणी इथवर चढते."

हवा त्या वेळी इतकी स्तब्ध होती की मेणबत्ती जळावी. डॉक्टरांनी खिशातले यंत्र काढून हवामानाचा अंदाज पाहिला. त्यात वाऱ्याचे नाव नव्हते. ते म्हातारबांना दाखवू लागले, तसे अभियंत्यांनी त्यांचा हात खाली केला.

"आजोबा, तंबू कोठे न्यावा?" त्यांनी विचारले.

म्हातारबांनी मागच्या बाजूची, घरांच्या आडोशाची, दिसायला अगदी सामान्य अशी एक जागा दाखविली. आम्ही खुंट्या उपटू लागलो. मास्तरांनी उषेवरचे प्रवचन तेथेच थांबवून मेतकुटाच्या पिशव्या उचलल्या, आणि म्हातारबांनी त्यांतील एक हातात घेऊन, हुंगून, ही कसली पूड आहे अशी चौकशी केली.